पायातला दोन, पुढचा दोन

१५ मार्च

इरिगाराय बाईंनी आज मला रसायनशास्त्रातून सूट दिली. मी मागितली नव्हती.

त्या आमच्या मुख्याध्यापिका. खोलीत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. हातावर हात ठेवणारी माणसं पुढे काय बोलणार हे मला पाठ झालंय. "रोसिना, किती कष्टाळू मुलगी आहेस तू. तुला उगाच त्रास कशाला? रसायन म्हणजे सगळं फळ्यावरचं काम. शिवाय प्रयोगशाळेत आग, आम्लं. मी वरून मंजुरी आणली आहे. त्या तासाला तू खुशाल ग्रंथालयात बस."

"आणि पुढच्या वर्षी विज्ञान शाखा?"

"ती कशी मिळेल? तिला रसायनाचे गुण लागतात." मग आवाजात साखर घालून, "तुझा आवाज छान आहे गं. साहित्य घे. रेडिओवर जाशील."

आमच्या पुएर्तो सारांदीत एकच रेडिओ केंद्र आहे आणि त्यावर गुरांचे भाव सांगतात.

मी म्हटलं, "नको."

"काय नको?"

"सूट."

"विचार करून सांग."

"केला."

त्यांनी हात काढून घेतला. म्हणाल्या, "ठीक. पण मग नापास झालीस तर वर्ष पुन्हा. तेव्हा माझ्याकडे रडत यायचं नाही."

मी आंधळी आहे, सहाव्या वर्षापासून. रडायला डोळ्यांना दिसावं लागत नाही, पण त्यांच्याकडे जाऊन रडायची वेळ मी येऊ देणार नाही.

घरी सांगितलं तर आईचं शिवणयंत्र थांबलं. बाबा कधी चटकन बोलत नाहीत, आज बोलले. "घे ती सूट."

"का?"

"रसायन नको. दुसरं काय हवं ते शिक."

नळीने ओढायचा तो कडू चहा, माते, अर्धा प्यायलेला तसाच टेबलावर ठेवून ते अंगणात गेले. म्हणजे त्यांनाही वाटतं मला जमणार नाही. बरं. ज्यांना वाटतं त्यांच्यात आणखी एक.

१८ मार्च

सुनिनो सर तोंडाने शिकवतच नाहीत, खडूने शिकवतात. आजचा अख्खा तास असा: "हे बघा. हा इथे. इथे किती? आणि तिकडे? जमत नाही. म्हणून हा इथे घातला, की झालं. कळलं?"

वर्ग म्हणाला, कळलं.

मी हात वर केला. "सर, हा म्हणजे कोण आणि इथे म्हणजे कुठे?"

सगळे हसले. सर म्हणाले, "मं." त्यांचं अर्धं बोलणं म्हणजे हा "मं."

शेजारी बसणारी मिर्ता कानात वाचून दाखवत होती. "दोन एच दोन अधिक ओ दोन, बाण, दोन एच दोन ओ." मी ब्रेलच्या पाटीवर टोचणीने टकटक करत जसंच्या तसं उतरवलं. घरी येऊन कागद उलटा करून वाचला. हे समीकरण आहे की दोनाचा पाढा?

४ एप्रिल

चाचणीत बारापैकी एक. एक हा हजर राहिल्याबद्दल देतात.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, ते समीकरण संतुलित करायचं होतं. बाणाच्या डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. माझं म्हणणं, एक कमी पडतोय ना, मग घाला तिथे आणखी एक. एच दोन ओ दोन. दोन्ही बाजू सारख्या. चुकलं कुठे?

तास संपल्यावर सरांना गाठलं.

"तू केलंस ते पाणी राहिलं नाही," ते म्हणाले. "ती जखमेवर ओतायची बाटली झाली. फेस येतो बघ, ती."

"पण सर, दोन घातला की दोन बाजू जुळतात. तुम्हीही दोनच घातला होता."

"मी पुढे घातला. तू पायात घातलास."

"पायात?"

खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पहिल्यांदाच ते शब्द शोधत बोलले. "अक्षराच्या पायाशी जो बारीक दोन असतो, तो त्या रेणूच्या अंगचा. त्याला हात लावायचा नाही. तो बदललास तर पदार्थच बदलला. अक्षराच्या पुढे जो मोठा दोन लिहितात, तो नुसता किती रेणू घेतले ते सांगतो. तेवढाच आपल्या हातातला."

म्हणजे दोन प्रकारचे दोन आहेत! आणि हे कुणी मला सांगितलंच नाही, कारण बाकीच्यांना ते दिसतं. एवढा राग आला की मी त्यांना नीट "येते" सुद्धा म्हटलं नाही.

९ एप्रिल

सापडलं. सापडलं. सापडलं.

आई शाळांचे गणवेश शिवते, तिच्याकडे बटणांचा मोठा डबा आहे. कोटाचं जाड बटण म्हणजे ऑक्सिजन. शर्टाचं चिमुकलं ते हायड्रोजन. एका जाड बटणाला दोन चिमुकली पक्क्या दोऱ्याने बांधली की पाणी. दोन जाड एकमेकांना बांधली की हवेतला ऑक्सिजन. दोन चिमुकली बांधली की हायड्रोजन. गाठ म्हणजे पायातला दोन. गाठ सोडायची परवानगी मला नाही. मला फक्त अख्खीच्या अख्खी जोडी आणखी एक आणता येते.

डावीकडे एक हायड्रोजनची जोडी, एक ऑक्सिजनची जोडी. उजवीकडे एक पाणी. चाचपून पाहिलं, एक जाड बटण उपाशी. म्हणून आणखी एक पाणी आणलं. आता उजवीकडे चिमुकली दोन जास्त. म्हणून डावीकडे आणखी एक हायड्रोजनची जोडी. पुन्हा दोन्ही हातांनी मोजलं, डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. चार चिमुकली, दोन जाड. चार चिमुकली, दोन जाड.

मी एवढ्या जोरात ओरडले की आई धावत आली.

"काय झालं? बोटात सुई गेली?"

"पाणी झालं!"

"कुठे सांडलं?"

२३ एप्रिल

आई विचारते, हिरव्या कोटाची बटणं कुठे गेली. मी म्हटलं, ती ऑक्सिजन झाली. आई म्हणाली, "ऑक्सिजनला म्हणावं, शुक्रवारी गिऱ्हाईक येणार आहे."

१२ मे

चाचणीत पाच. मिर्ताला चार मिळाले. "आता तूच मला वाचून दाखव," म्हणाली. तिलाही बटणांची पिशवी करून दिली. ती म्हणते, फळ्यापेक्षा हे बरं, कारण फळ्यावर खोटं खपतं. मुलं गुपचूप पायातला आकडा बदलतात आणि उत्तर जुळवून मोकळी होतात. बटणांत गाठ सोडावी लागते, मग आपल्यालाच लाज वाटते.

सुनिनो सरांना हल्ली बडबडीची सवय लागली आहे. "डावीकडे लोखंड, पायात काही नाही, पुढे चार. अधिक चिन्ह. ऑक्सिजन, पायात दोन, पुढे तीन. बाण." मागच्या बाकावरची मुलं कुरकुरतात की सर सगळं दोनदा सांगतात, एकदा खडूने, एकदा तोंडाने. वय झालं की होतं असं. मला मात्र त्याचा आयता फायदा झाला.

३० जून

ऐन हिवाळा, भयंकर थंडी. स्वयंपाकघरातला गॅस रस्सा अर्धा शिजलेला असताना संपला. बाबा नवा सिलिंडर खांद्यावर घेऊन आले. मी म्हटलं, "बाबा, ह्यात प्रोपेन असतो. तीन कार्बन, आठ हायड्रोजन. तो जळायला ऑक्सिजनच्या पाच जोड्या लागतात. मग तीन कार्बन डायऑक्साइड आणि चार पाणी."

"पाणी?" आई म्हणाली. "आगीतून?"

"म्हणून तर ह्या खोलीच्या काचा ओल्या होतात. हात लावून बघ. काही संपत नाही आई, नुसत्या जागा बदलतात."

आईने खरंच काचेला हात लावला. "अरे देवा, आणि मी इतकी वर्षं खिडकीला शिव्या घालतेय."

बाबांनी सिलिंडर जोडला आणि दोनदा तपासला. मग तिसऱ्यांदा. म्हणाले, "तू शेगडीजवळ उभी राहू नकोस."

मी सोळा वर्षांची आहे. मी पिठाच्या टोर्ता तळते, तेलातल्या आवाजावरून कधी उलटायची ते मला आईपेक्षा चांगलं कळतं. पण बाबांपुढे बोलून उपयोग नाही.

१७ ऑगस्ट

आज सर म्हणाले, "पुढचं पान आपण सोडून देऊ."

मिर्ताने कानात सांगितलं, "चुन्याचं आहे गं."

मी हात वर केला. "का सोडायचं?"

"मं. परीक्षेत फारसं येत नाही."

"सर, पुस्तकात आहे ना? मग शिकवा."

गाव लहान आहे, माझे डोळे कशाने गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरांनी घसा साफ केला आणि सांगितलं. "चुनकळी. कॅल्शियम एक, ऑक्सिजन एक. अधिक पाणी. बाण. विरलेला चुना. उष्णता बाहेर पडते. भरपूर."

मी तिथेच बटणं मांडली. डावीकडे एक आणि एक, उजवीकडे एक. दोनदा मोजलं. काही करावंच लागत नाही! ते आधीच जुळलेलं आहे. मला वाटलं होतं काहीतरी राक्षसी असेल, लांबलचक, आकड्यांनी भरलेलं. एवढंसं निघालं.

१८ ऑगस्ट

रविवार. दुपारी बाबा आणि मी अंगणात उन्हाला बसलो होतो, मातेचा पेला फिरत होता. मी सहज म्हटलं, "काल आम्ही चुना केला."

नळीचा आवाज थांबला.

बाबा पूर्वी गवंडी होते. आता संत्र्यांच्या गोदामात पेट्या भरतात. पाठ दुखायला लागली म्हणून सोडलं, असं आई सांगते. मला वाटलं त्यांना ऐकायला आवडेल, त्यांच्याच धंद्यातली गोष्ट. म्हणून समीकरण सांगितलं. चुनकळी पाणी पिते, दोघांचं मिळून एकच होतं आणि आतली उष्णता बाहेर येते. तिचं माझ्याशी काही वैर नव्हतं. पाणी दिसेल तिथे ती पिते आणि डोळ्यात पाणी असतं.

मला तो दिवस थोडा आठवतो. खड्ड्यात पांढरे दगड. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा डबा दिला आणि म्हणालं, "ओत, बघ कसं उकळतं." मला इतकं आवडलं होतं ते. सू सू सू. वाकून बघितलं. आवाज कुणाचा होता ते आठवत नाही. असेल कुणी मजूर. आईला विचारलं की ती यंत्र चालू करते.

बाबा म्हणाले, "आणि पाणी हळू ओतलं असतं तर?"

"तर हळू तापलं असतं. पण समीकरण तेच."

"आणि दुसऱ्या कुणी ओतलं असतं?"

काय प्रश्न! मला हसू आलं. "बाबा, समीकरणात ओतणाऱ्याचं नाव नसतं. एकास एक. कुणीही ओतलं तरी तेच."

ते उठले. पाणी गार झालं म्हणाले. किटली तापवायला आत गेले आणि कितीतरी वेळ आलेच नाहीत. गॅस पुन्हा संपला की काय म्हणून मी आत गेले, तर ते शेगडीपाशी नुसते उभे होते. शेगडी पेटवलेलीही नव्हती. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काडेपेटी सापडत नाही."

काडेपेटी तिच्या नेहमीच्या जागी होती. मी दिली.

७ ऑक्टोबर

इरिगाराय बाईंचं नवीन. वर्षअखेरची परीक्षा माझी तोंडी होणार, तीन परीक्षकांसमोर. सुनिनो सर, इरिगाराय बाई आणि शहरातून येणारे रसायनाचे एक डॉक्टर. ठीक आहे. पण बाई म्हणाल्या, "ती खेळणी आणायची नाहीत. बाकीच्या मुलांना खेळणी मिळत नाहीत."

"खेळणी नाहीत ती."

"बटणं आहेत, रोसिना."

मी पाय आपटत घरी आले. बाबांना म्हटलं, तुम्ही जिंकलात, आता मी नापासच होते. संध्याकाळी त्यांनी माझ्या पुढ्यात एक लाकडी तबक ठेवलं. मध्ये उभी पट्टी ठोकलेली, डावा भाग आणि उजवा भाग. कडा उंच, बटणं घरंगळू नयेत म्हणून. कडा इतक्या घासलेल्या की बोटाला कुसळ लागत नाही.

"हे कशाला? न्यायचीच नाहीत म्हणतात."

"तू ने," बाबा म्हणाले.

हा माणूस मला कळत नाही.

१० डिसेंबर

हे आजच लिहायचं.

तबक काखेत घेऊन गेले. बाईंनी लगेच ओळखलं. "मी काय सांगितलं होतं?"

मी घरून वाक्य ठरवून गेले होते, ते विसरले. वेगळंच तोंडातून आलं. "बाई, बाकीच्यांना फळा देता ना? ते त्यावर लिहितात, पुसतात, पुन्हा बघतात. त्यांचा फळा काढून घ्या, सगळ्यांना तोंडी, डोळे मिटून करायला लावा. मग मी ही बटणं ह्या खिडकीतून फेकून देते."

पंखा फिरत होता. मग शहरातले डॉक्टर म्हणाले, "खिडकी बंद आहे, मुली. मांड तुझी बटणं." आणि बाईंना हळूच, "मला बघायचंय."

"बघायचंच असेल तर तिकीट लागेल," मी म्हटलं. सर खोकले. मला वाटतं खोकला नव्हता.

डॉक्टरांनी प्रश्न घातला. अमोनिया तापलेल्या प्लॅटिनमवर हवेत जळतो. अमोनियात एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. बाणापलीकडे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची एक जोडी आणि पाणी. संतुलित कर.

लाकडी बटण म्हणजे नायट्रोजन. डावीकडे चिमुकली तीन, उजवीकडे पाण्यात दोन. तीन आणि दोन जुळेनात, म्हणून दोन अमोनिया घेतले, तीन पाणी. चिमुकली सहा आणि सहा. नायट्रोजन दोन आणि दोन. आता ऑक्सिजन मोजला आणि अडकले. उजवीकडे पाच जाड बटणं. डावीकडे तर ती जोडीनेच येतात. पाच! अडीच जोड्या आणायच्या कशा?

"काय झालं?" इरिगाराय बाई म्हणाल्या. "वेळ जातोय."

टेबलावर कात्री असती तर मी कापली असती गाठ, खरं सांगते. बोट गाठीवर होतं. मग तिथेच थांबले. अर्धी जोडी मिळत नाही, तर अडीचच्या दुप्पट घ्यायची. सगळंच दुप्पट. चार अमोनिया. पाच जोड्या. तिकडे नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोड्या चार. सहा पाणी. मांडायला लागले तर चौथ्या जोडीला माझी जाड बटणं संपली. हिरव्या कोटाची आईने परत घेतली होती.

"बटणं संपली," मी म्हटलं.

"मग संपली परीक्षा?" बाई.

"नाही. बटणं संपली, डोकं नाही." आणि तबक बाजूला सारून तोंडी सांगितलं. चार, पाच, चार, सहा. ऑक्सिजन इकडे दहा, तिकडे चार आणि सहा, दहा. हायड्रोजन बारा, बारा. नायट्रोजन चार, चार.

डॉक्टर कागदावर खरडत होते. ते थांबले. "बरोबर आहे," म्हणाले. मग, "मी स्वतः आधी चुकलो होतो."

बारापैकी आठ. बाईंनी सात म्हटलं, डॉक्टरांनी नऊ. सुनिनो सर म्हणाले, "मं, आठ." चांगले आहेत ते, पण माझ्याबद्दल त्यांना विशेष काही वाटत नाही, हे त्यावरून कळतं. बाहेर पडताना त्यांनी माझ्यासाठी दार धरलं, ते मात्र उगाच.

बाबा फाटकापाशी होते. गोदामातून मधेच सुटून आले होते, अंगाला संत्र्यांचा वास. मी म्हटलं, "आठ." त्यांनी तबक माझ्या हातातून घेतलं आणि घरापर्यंत छातीशी धरून आणलं, जसं काही ते फुटणार होतं.

२० फेब्रुवारी

विज्ञान शाखेची नोंदणी. इरिगाराय बाईंनी पालकांच्या सहीसाठी कागद पुढे केला आणि वाचून दाखवला. प्रयोगशाळेत काही अपघात झाला तर विद्यालय जबाबदार नाही.

बाबांचं पेन कागदावर टेकलेलं ऐकू आलं. पुढे सरकेना. मनात म्हटलं, इथे आणून आता नाही म्हणू नका.

"सेन्योर बेंतांकोर," बाई म्हणाल्या, "तुम्हाला पटत नसेल तर अजून वेळ आहे. जबाबदारी मोठी आहे."

"जबाबदारी माझीच आहे," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून." आणि सही केली. पेन इतक्या जोरात दाबलं की कागदाच्या मागून मला अक्षरं लागली.

रस्त्यात म्हटलं, "बाबा, छान बोललात." ते म्हणाले, "चल, आईला सांगू."

१२ मार्च

प्रयोगशाळेचा पहिला दिवस. सुनिनो सरच आहेत. सगळ्यांना पांढरे कोट आणि डोळ्यांवर लावायचे जाड चष्मे वाटत होते. मिर्ताला मिळाला. मागच्या बाकाला मिळाले. वाटणारी मदतनीस ताई माझ्यापाशी आली आणि पुढे गेली.

"माझा?" मी म्हटलं.

"तुला... म्हणजे तुला काय गरज?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बहुधा त्याचं त्यालाच वाईट वाटलं, कारण लगेच गप्प झालं.

"दारावर काय लिहिलंय ते मिर्ताने मला वाचून दाखवलंय," मी म्हटलं. "चष्म्याशिवाय आत प्रवेश नाही. त्याखाली असं लिहिलंय का, की रोसिना सोडून?"

"नाही," सर म्हणाले. "तसं लिहिलेलं नाही. द्या तिला."

मी चष्मा चढवला, मागे पट्टा करकचून ओढला आणि गॅसचा बर्नर ठेवलेल्या टेबलाला चिकटून उभी राहिले. सगळ्यांच्या पुढे.

"हं सर," मी म्हटलं, "पेटवा."